टॅरॅगॉनचं बी नसतं

तासगाव तालुक्यातल्या एका द्राक्षबागायतदार भाऊंचा प्रश्न आलाय. थोडक्यात सांगते. बागेच्या कडेला त्यांचं दहा गुंठ्यांचं शेडनेट आहे. त्यात बेसिल आणि पार्सली लावून ते पुण्याला पाठवतात. तिथल्या एका हॉटेलच्या शेफनं टॅरॅगॉन, म्हणजे स्वयंपाकात घालायचं एक परदेशी वासाचं पान, मागितलं. यांनी ऑनलाइन बी मागवलं, रोपं केली, दीडशे झाडं कमरेला लागली. पहिला माल गेला आणि तसाच परत आला. शेफ म्हणाला, याला वासच नाही, हे गवत आहे. आता भाऊ विचारतात, खत चुकलं का, पाणी जास्त झालं का, आमच्या हवेत हे होतं तरी का? आणि वहिनींचा जोडप्रश्न, हे नेमकं खातात कशात?

खत चुकलं नाही आणि पाणीही नाही. बी घेतलं, तेच चुकलं.

शेफला हवं असतं ते फ्रेंच टॅरॅगॉन. त्याला खरं बी धरतच नाही. फुलं आलीच तर बारीक, हिरवट-पिवळी, मान खाली घातलेली येतात आणि वांझ असतात. हे झाड जगभर पसरलं ते मुळीच्या तुकड्यानं, नाहीतर शेंड्याच्या कलमानं. आज जिथं कुठं खरं फ्रेंच टॅरॅगॉन आहे, तिथं ते कुणीतरी कुणाच्या तरी वाफ्यातून मुळी काढून नेलेलं आहे.

द्राक्षवाल्याला हे समजावायला नको. थॉमसन सीडलेसचं बी पेरून कुणी बाग उभी केली आहे का? तास-ए-गणेश ही तुमच्याच तालुक्यात थॉमसनमधून निवडलेली जात. ती गावोगाव गेली ती काडीनं. डॉगरिज या दुसऱ्या द्राक्षजातीच्या खुंटावर, म्हणजे मुळाकडच्या झाडावर, कलम केलं आणि बाग झाली. टॅरॅगॉनचंही असंच आहे, फक्त त्याला खुंट लागत नाही.

मग पाकिटात काय होतं? रशियन टॅरॅगॉन. फसगत होते ती इथेच, कारण पाकिटावर शास्त्रीय नाव आर्टेमिसिया ड्रॅकन्क्युलस असं लिहिलेलं असतं आणि ते खोटं नसतं. दोन्ही एकाच जातीची. फ्रेंच हा त्यातला निवडून जपलेला वासाचा प्रकार. रशियन म्हणजे रानटी, दणकट भाऊ. तो बी धरतो, छातीपर्यंत वाढतो, थंडी-ऊन-दुष्काळ काहीही सोसतो आणि वासाच्या नावानं मात्र बोंब. फ्रेंचमधला गोडसर वास एस्ट्रागोल नावाच्या द्रव्याचा असतो. रशियनमध्ये ते नावापुरतं असतं, तिथं दुसरीच द्रव्यं वरचढ. तेव्हा खताचा डोस बदलून त्यात वास येणार नाही. आंबट जातीच्या आंब्याला गूळ घातलेलं पाणी देऊन तो हापूस होत नाही, तसंच.

मला हे कसं कळलं तेही सांगते, म्हणजे तुम्हाला फार वाईट वाटायचं नाही. आमचं रान पाचगणी आणि महाबळेश्वरच्या मधे आहे. मूळ पीक स्ट्रॉबेरी. वीस-बावीस वर्षांपूर्वी मीही असंच एक पाकीट आणलं होतं, तेव्हा ते बी मुंबईच्या दुकानातून आलं होतं. एक अख्खा गादीवाफा भरला. वास येईना म्हणून आधी शेणखत वाढवलं. मग कुणी म्हणालं खत जास्त झालं की वास मरतो, म्हणून बंद केलं. पाणी तोडून पाहिलं. उन्हात लावून पाहिलं, सावलीत लावून पाहिलं. हंगाम गेला. शेवटी पाचगणीतल्या एका जुन्या बंगल्यातल्या पारशी आजींना दोन काड्या नेऊन दाखवल्या. त्यांनी पान चावलं, हसल्या आणि मला मागच्या अंगणात घेऊन गेल्या. तिथं पत्र्याच्या तुटक्या डब्यात गुडघ्याएवढं एक झुडूप होतं. त्याचं एक पान त्यांनी माझ्या हातावर ठेवलं. त्या एका पानानं माझा वर्षभराचा प्रश्न मिटला. जाताना ओल्या वर्तमानपत्रात गुंडाळून वीतभर मुळी दिली. ती मुळी अजून माझ्याकडे आहे, म्हणजे तिच्या मुळीच्या मुळीची मुळी.

त्या पानाची चव लक्षात ठेवा, कारण पारख करायला दुसरं यंत्र नाही. फ्रेंच टॅरॅगॉनचं कोवळं पान पुढच्या दातांनी चावलं की आधी बडीशेपेसारखा गोडवा येतो. मग किंचित मिरी, किंचित ओल्या गवताचा वास, आणि पाच-दहा सेकंदांत जिभेचं टोक हलकं बधिर होतं. तिरफळानं होतं तेवढं नाही. दाताच्या डॉक्टरच्या इंजेक्शनचा परिणाम संपत आल्यावर जसं वाटतं, तेवढंच. रशियन चावलं तर हिरवट, थोडं कडू, आणि पुढं काही नाही. नजरेनंही फरक कळतो. फ्रेंचचं पान अरुंद, गुळगुळीत, गडद हिरवं आणि तकतकीत. रशियनचं थोडं फिकट आणि खरबरीत. पण नजरेवर पैसे देऊ नका. नर्सरीत रोप घ्यायचं तर आधी एक पान मागा आणि चावा. पान द्यायला जो काचकूच करेल त्याच्याकडून रोप घेऊ नका.

वासाचा विषय निघालाच आहे तर एक गोष्ट सांगून टाकते, कारण दर वर्षी कुणीतरी विचारतं. टॅरॅगॉन आणि आपला दवणा एकाच कुळीतले, दोघंही आर्टेमिसिया. चैत्री पुनवेला जोतिबाच्या डोंगरावर गुलालाबरोबर जो वाहतात तोच दवणा. आमच्या सातारा जिल्ह्यातल्या पाडळीची सासनकाठी तिथं पहिल्या मानाची. लहानपणी वडील यात्रेहून आले की त्यांच्या टोपीत खोचलेला दवणा आठवडाभर देवघरात वास देत राहायचा. त्यामुळं 'दवण्याचाच भाऊ ना, मग दवणाच घातला तर?' असं लोक विचारतात. नका घालू. दवण्याचा वास फळासारखा, गोड आणि जड, अत्तराच्या कामाचा. तोंडात घातला तर कडू. पानही वेगळं असतं, राखाडी रंगाचं आणि कातरलेलं. टॅरॅगॉनचं पान एकसंध, गवताच्या पात्यासारखं. कुळी एक असली तरी एक देवाला आणि एक ताटाला.

आता तुमचा खरा प्रश्न, तासगावात होईल का?

सरळ सांगते, बारा महिने होणार नाही. फ्रेंच टॅरॅगॉन थंड मुलखातलं झाड आहे. त्याला वर्षातून एकदा झोप लागते. थंडीत वरचा भाग वाळतो, मुळी जमिनीत निजते आणि थंडी सरली की बुडातून नवे कोंब येतात. ही झोप मिळाली नाही तर झाड दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी खंगत जातं. पानं बारीक, फुटवे कमी, वास पातळ. आमच्याकडे वेण्णा तलावाच्या काठाला एखाद्या पहाटे दव गोठतं, गाड्यांच्या टपावर पांढरा थर दिसतो. तिथं टॅरॅगॉनला पौष-माघात बऱ्यापैकी झोप मिळते. तुमच्याकडे डिसेंबरची पहाट गार असते, पण दुपारी पुन्हा ऊन. आणि एप्रिल-मे मध्ये पारा चाळिशीला टेकतो तेव्हा ते शेडनेटमध्येसुद्धा तग धरत नाही. भारी काळ्या जमिनीत तर त्याआधीच मुळी कुजते.

पण म्हणून आमच्याकडे स्वर्ग आहे असं नाही. तुमच्याकडे ऊन मारतं, आमच्याकडे पाऊस. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच-सहा हजार मिलिमीटर पडतो. तुमच्याकडे त्याच्या दहाव्या हिश्शाच्या आसपास. आषाढात उघड्यावर ठेवलेलं टॅरॅगॉन मला आठवडाभरही टिकवता आलेलं नाही. स्ट्रॉबेरीची मातृरोपं जशी पावसाळ्यात वाईच्या बाजूला उतरवतात, कमी पावसात रोपवाटिका करायला, तशाच त्याच टेम्पोत माझ्या टॅरॅगॉनच्या कुंड्या जातात. थोड्या इथेच पॉलिहाऊसच्या छताखाली ठेवते. सगळी अंडी एका टोपलीत ठेवायची नाहीत, हे एका जुलैत सगळंच कुजल्यावर शिकले. त्या वर्षी वाईला आधी पाठवलेल्या चार कुंड्यांमुळं आजींची मुळी वाचली.

तर तुमच्यासाठी माझं म्हणणं असं. फ्रेंच टॅरॅगॉन तासगावात घ्यायचं ते रब्बीच्या पिकासारखं. नोव्हेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात तयार रोपं लावायची, डिसेंबर मध्यापासून मार्च मध्यापर्यंत तोडायचं आणि मग मोह सोडायचा. मुळी जगवायच्या नादाला लागू नका. पुढच्या वर्षी पुन्हा डोंगरावरून रोपं न्या. द्राक्षाच्या वेलीला आपण सांभाळतो तसं याला सांभाळायला गेलात तर उन्हाळाभर कूलर लावावा लागेल, आणि एवढे पैसे हे पीक देत नाही.

रोपं करायची पद्धत माहीत असावी, निदान मी देते ती बरोबर आहेत का हे तपासायला. दोन वाटा आहेत. एक म्हणजे मुळी फोडणे. थंडी संपता संपता, बुडाशी लाल-हिरवे कोंब टोचायला लागले की झाड उपटायचं. मुळ्यांचा गुंता सापांच्या वेटोळ्यासारखा असतो. ड्रॅकन्क्युलस म्हणजे लॅटिनमध्ये छोटा ड्रॅगन, हे नाव त्या वेटोळ्यांवरूनच पडलं असं सांगतात. हा गुंता सुरीनं कापायचा नाही, हातानं हळूहळू सोडवायचा. मुळ्या ठिसूळ असतात, ओढल्या की तुटतात. प्रत्येक तुकड्याला एक तरी कोंब हवा. दर दोन-तीन वर्षांनी हे करावंच लागतं, नाहीतर मधला भाग मरतो आणि झाड नुसत्या कडेकडेनं फुटत राहतं.

दुसरी वाट कलमाची, आणि तुमच्यासाठी तीच. फुलकळी नसलेला, पेन्सिलच्या टोकाइतका जाड कोवळा शेंडा चार बोटं लांब घ्यायचा. खालची पानं काढायची, डोळ्याच्या जरा खाली कापायचा. जाड वाळू आणि कोकोपीट निम्मं निम्मं, प्रो-ट्रेमध्ये. वर प्लॅस्टिक झाकून दमट ठेवायचं, पण चिखल नको. तीन-चार आठवड्यांत मुळी धरते. सगळी लागत नाहीत. शंभरात सत्तर लागली तर मी त्या दिवशी चहात साखर जास्त घालते.

जमिनीला मान द्या. तुमचं काळं रान असेल तर वीतभर उंच गादीवाफा करा, त्यात मुरूम आणि वाळू मिसळा. पाणी दिल्यावर तासाभरात वाफ्याचा पृष्ठभाग चमकायचा थांबला पाहिजे. आमची माती लाल, आंबट, म्हणून मला चुना टाकावा लागतो. तुमच्याकडे त्याची गरज नाही, उलट तुमच्या मातीचा सामू (पीएच) थोडा वरचाच असेल आणि ते याला चालतं. दोन रोपांत दीड फूट अंतर. ठिबक चालू ठेवा, पण वरची दोन बोटं माती सुकल्याशिवाय सोडू नका. शेणखत मुठीनं घाला, पाटीनं नको. युरिया देऊन झाड फुगतं, पान मोठं होतं आणि वास पातळ होतो. हे मात्र माझ्या त्या बिनवासाच्या वर्षात कुणी सांगितलं ते खरं होतं, फक्त झाडच चुकीचं होतं. रोग म्हणाल तर मुळकूज सोडली तर तांबेरा कधीमधी येतो. ती पानं तोडून जाळा.

फवारणीबद्दल मात्र थांबून वाचा. तुमची ऑक्टोबर छाटणी झाली की डाऊनीच्या, म्हणजे केवडा रोगाच्या, फवारण्या सुरू होतात, ब्लोअर चालतो. टॅरॅगॉन लावायचा आणि त्याला फुटवे यायचा काळही तोच. हे पान लोक कच्चं खातात, धुऊन दोन मिनिटांत ताटात जातं. बागेच्या कडेच्या शेडनेटवर ब्लोअरची धार गेली तर तो माल मी माझ्या घरात वापरणार नाही आणि तुम्हीही विकू नका. शेडनेट वाऱ्याच्या वरच्या अंगाला असेल तर ठीक. नसेल तर मधे निदान दाट जाळीची आडभिंत करा, आणि फवारणीच्या दिवशी बाजूचे पडदे खाली. शेजारी ऊस असेल आणि तणासाठी टू-फोर-डी मारत असतील तर त्याचा त्रास द्राक्षाला होतो हे तुम्हाला माहीत आहेच. या झाडालाही होतो, पानं वळतात.

एवढं सगळं वाचून 'नको बाई हे' असं वाटलं असेल तर तुमच्यासाठी तिसरं एक झाड आहे, आणि खरं सांगायचं तर तुमच्या जागी मी आधी तेच लावीन. मेक्सिकन टॅरॅगॉन, शास्त्रीय नाव टॅजेटिस ल्युसिडा. टॅजेटिस म्हणजे आपला झेंडू. दसऱ्याला दाराला बांधतो त्या झेंडूचा हा सख्खा भाऊ, आणि खऱ्या टॅरॅगॉनशी याचं नातं दूरचं. पण वासात एस्ट्रागोल यातही आहे, बडीशेपेचा गोडवा जरा जास्तच. हे बियानं होतं, खरोखर होतं. बी बारीक, वर हलकी माती भुरभुरायची, आठवडा-दोन आठवड्यांत उगवतं. दमट हवा, ऊन, तासगावचा मार्च, सगळं सोसतं. गुडघा-मांडीपर्यंत झुडूप होतं. दिवस लहान झाले की पिवळी छोटी फुलं येतात, त्यांच्या पाकळ्याही सॅलडवर चालतात. निचरा मात्र यालाही हवाच.

फक्त शेफला हे टॅरॅगॉन म्हणून गुपचूप देऊ नका. 'मेक्सिकन आहे, चाखून बघा' असं तोंडावर सांगून एक जुडी फुकट द्या. काहींना ते चालतं, उन्हाळ्यात तर आनंदानं घेतात. काही नाक मुरडतात. नाक मुरडणाऱ्यालाही तुम्ही खरं बोलता हे कळतं, आणि पुढच्या नोव्हेंबरात तोच तुमच्याकडून फ्रेंच घेतो.

किती लावायचं? दीडशे रोपं फार होतात हो. हे पीक किलोच्या हिशेबाचं नाही, जुडीच्या हिशेबाचं आहे. माझ्याकडून घेणारं चांगलं मोठं हॉटेलसुद्धा आठवड्याला अर्धा किलोच्या पुढं क्वचित जातं. एका गिऱ्हाइकासाठी तीस-चाळीस झाडं पुरतात. दुसरं गिऱ्हाईक मिळालं की वाढवा, आधी वाढवून गिऱ्हाईक शोधू नका.

तोडणी सकाळी, दव सुकल्यावर आणि ऊन तापायच्या आत. वरचा तिसरा हिस्सा धारदार कात्रीनं. ओढू नका आणि मुठीत दाबू नका, दाबलेलं पान तासाभरात काळं पडतं. पाणी मारून धुवायचं नाही. किंचित दमट कागदात सैल गुंडाळून, भोकं पाडलेल्या डब्यात. आता एक चूक तुम्ही हमखास करणार आहात ती आधीच सांगते, बेसिल आणि टॅरॅगॉन एका पेटीत पाठवू नका. बेसिलला गारठा सोसत नाही, दहा-बारा अंशांच्या खाली ते काळं पडतं. टॅरॅगॉनला फ्रिजमधला दोन-चार अंशांचा गारवाच लागतो. एकाला जपायला गेलात की दुसरं जातं. तुमच्या भागात द्राक्षाची शीतगृहं आहेत म्हणून त्यात ठेवायचा मोह होईल. ठेवा, पण ज्या खोलीत द्राक्षाच्या पेट्यांत गंधकाचे कागद घातलेले आहेत तिथं नको. त्या वायूनं कोवळ्या पानावर पांढरे डाग पडतात.

आता वहिनींचा प्रश्न. खरं तर मी इथूनच सुरुवात करायला हवी होती, कारण जे आपण घरात खात नाही ते आपल्याला नीट पिकवता येत नाही, असं माझं मत आहे.

पहिली गोष्ट, फोडणीत घालू नका. आपल्याला कढीपत्त्याची सवय, तेल तापलं की पान टाकायचं. टॅरॅगॉनचा वास उडून जाणारा आहे, कडकडीत तेलात तो दोन सेकंदांत घराबाहेर आणि शेजाऱ्याच्या नाकात. गॅस बंद केल्यावर शेवटी घाला. दुसरी गोष्ट, कांदा-लसूण मसाल्याच्या रश्श्यात घालू नका. तिथं ते हलगीपुढं बासरी वाजवल्यासारखं होतं. आपल्या मसाल्यात काही कमी नाही, त्याला याची गरज नाही. याला सौम्य संगत लागते. अंडं, लोणी, साय, दही, कोंबडीचा पांढरा भाग, मशरूम, बटाटा, गाजर, लिंबू.

सगळ्यात सोपं म्हणजे अंड्याची पोळी. दोन अंड्यांना सहा-सात पानं, बारीक कापून फेटलेल्या अंड्यात घालायची. हळद-मिरची नको, मीठ आणि मिरपूड बस. तव्यावर तेलाऐवजी लोणी, आच मंद. आमच्याकडे आलेल्या पाहुण्यांना टॅरॅगॉन म्हणजे काय हे मी याच एका पोळीनं सांगते. फ्रान्समध्ये टॅरॅगॉन, पार्सली, चाईव्हज आणि चर्विल ही चौघं मिळून अशीच अंड्यात जातात.

दुसरं, काकडीची कोशिंबीर. दही, काकडी, मीठ, चिमूट साखर आणि चार-पाच पानं चिरून. कोथिंबीर नको, दोघांचं पटत नाही. दाण्याचं कूटही नको. माझ्या सासूबाई आधी म्हणाल्या, बडीशेप सांडली का यात? आता त्याच मागतात. उकडलेल्या मक्याचे दाणे गरम असताना लोण्यात घोळवून लिंबू आणि टॅरॅगॉन, हेही फार छान. महाबळेश्वरची लाल बारीक गाजरं लोण्यात थोडी साखर घालून परतली आणि शेवटी पान टाकलं की पोरं भाजी म्हणून न खाणारी गाजरं संपवतात. आणि स्ट्रॉबेरी! कापलेल्या स्ट्रॉबेरीवर साखर, लिंबाचे थेंब आणि तीन पानं बारीक कापून पंधरा मिनिटं झाकून ठेवा. हे मला कुणी शिकवलं नाही, एकाच टेबलावर दोन्ही पडलेलं असताना आपोआप झालं.

ज्या सॉससाठी शेफ हे मागतात तो बेअर्नेज, स्टेकबरोबरचा. एका आचाऱ्यानं मला त्यांच्या स्वयंपाकघरात उभं करून दाखवला होता. व्हिनेगरमध्ये बारीक कांदा, ठेचलेली मिरी आणि टॅरॅगॉनच्या काड्या आटवायच्या. गाळून त्यात अंड्याचे बलक घालून गरम पाण्याच्या वाफेवर फेटत राहायचं, आणि वितळलेलं लोणी अगदी धारेधारेनं सोडायचं. भांडं जास्त तापलं की बलक शिजून गोळे होतात, लोणी घाईत ओतलं की फाटतं. शेवटी ताजी चिरलेली पानं. म्हणजे काड्या आटवायला आणि पानं सजायला, दोन्ही लागतं. म्हणून शेफ पानं खुडून नको, काडीसकट द्या म्हणतात.

पूर्वेकडं याचा थाट वेगळाच आहे. जॉर्जियात कोकराचं मटण आणि कच्चे आंबट आलुबुखार यांच्याबरोबर मूठ मूठ टॅरॅगॉन घालून चकापुली नावाचा रस्सा करतात, आणि तरखुना नावाचा हिरवागार सोडा पितात. इराणात भाकरी-पनीराबरोबर पानांची जी पाटी ताटाशेजारी असते तिच्यात तरखून असतंच. मला वाटतं आपल्या माणसाला कळायला ही वाट जास्त सोपी. भाकरीबरोबर कांद्याची पात खातो तसंच की.

वाळवून ठेवू का, असं विचाराल तर नको. वाळलं की वास जातो आणि गवत उरतं, तुमच्या परत आलेल्या मालासारखं. ठेवायचंच तर दोन पद्धती. मऊ लोण्यात चिरून, कागदात वळी करून फ्रीझरमध्ये. नाहीतर व्हिनेगर. पाच टक्के आम्लतेचं साधं पांढरं व्हिनेगर अर्धा लिटर, धुऊन पूर्ण कोरडी केलेली मूठभर पानं, काचेची बाटली, अंधारं कपाट, तीन आठवडे, मग गाळायचं. तेलात बुडवून बाहेर ठेवू नका. तेलात हवा लागत नाही आणि ओल्या पानांवर बोट्युलिझमचे जंतू वाढू शकतात. ते विष वासानं कळत नाही.

एस्ट्रागोलबद्दल वाचून कुणी घाबरेल म्हणून एक वाक्य. उंदरांना भारी मात्रेत दिल्यावर यकृतात गाठी झाल्या हे खरं आहे. तेच द्रव्य थाई बेसिलमध्ये आणि बडीशेपेतही असतं. चवीपुरती पानं खायला हरकत नाही. याचं काढलेलं तेल मात्र पोटात घेऊ नये, आणि गरोदर बाईनं तर नाहीच.

त्या दीडशे रशियन झाडांचं काय करायचं? उपटा, आणि मुळ्या वेचून काढा. राहिलेल्या तुकड्यातून ती पुन्हा येतात आणि पुढच्या वर्षी फ्रेंचमध्ये मिसळून पुन्हा माल परत येईल. मेक्सिकनचं बी आत्ताच टाका, ते चालू होईपर्यंत शेफला निरोप द्या.

फ्रेंचची रोपं मी भाद्रपदात कलमं करून ठेवते. दिवाळी झाली की या, चाळीस देते. कराड-सातारा-वाई करून पसरणी घाटानं येताय तर पहाटे निघा, म्हणजे दुपारच्या आत परत खाली उतराल. रोपं बंद डिकीत ठेवू नका, मागच्या सीटवर भाजीच्या क्रेटमध्ये ठेवा आणि काच बोटभर उघडी. आणि गाडीत बसायच्या आधी प्रत्येक क्रेटमधलं एक पान चावून बघा, माझ्यावर विश्वास असला तरी.